ऑपरेशनआधीच पथ्य कशाला?

"ऑपरेशननंतर भूक कमी होणारच, मग आधीपासून जीभ कशाला मारायची?" असं वजन कमी करायच्या स्लीव्ह ऑपरेशनबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढतात, पण जेवायची सवय कुणी काढून देत नाही हो! माझ्या आहारतज्ज्ञ बाईंनी तीन महिने आधी पहिलं काम केलं, ते ताटाशेजारचा तांब्या हलवायला लावला. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. आम्ही सोलापूरकर कडक भाकरी आमटीत कुस्करून भराभर जेवणारे. घास वीस-पंचवीस वेळा चावायचा म्हणजे शिक्षाच. पहिल्या दिवशी माझी अर्धी भाकरी संपेपर्यंत घरचे हात धुऊन उठलेसुद्धा. शेंगाचटणीत प्रथिनं म्हणून मी वाटीभर हाणायचे, तिच्यात तेल किती ते तेव्हा कळलं. आता चमचाभरच; बाकी मटकी, दही, अंडी.

शेवटचे दोन आठवडे भाकरी-भात जवळजवळ बंद, ते यकृत आकसावं म्हणून. ते जठरावरच येतं, मोठं असलं की दुर्बिणीने काम करणं अवघड. फक्त शुगरची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, डोस बदलावा लागतो.