रेडिएटर छोटा पण जाड, की पातळ पण मोठा?

पत्रेकाम:
घरी बांधलेल्या दोन आसनी विमानात मोटारीचं १०० अश्वशक्तीचं इंजिन (सुबारू, होंडा या जातीचं) बसवायचं ठरलं की पहिला वाद रेडिएटरवरून होतो. माझं मत: ५० मिमी जाडीचा, ३० बाय ३२ सेंमीचा कोअर (रेडिएटरचा नळ्या-पत्र्यांचा गाभा) आणि त्याच्यापुढे नीट डक्ट (हवा आणणारा बंद मार्ग).

हिशेब असा. १०० अश्वशक्ती म्हणजे ७५ किलोवॅट. पूर्ण शक्तीवर त्याच्या ६० टक्क्यांइतकी उष्णता कूलंटमध्ये उतरते असं धरा, म्हणजे ४५ किलोवॅट. कूलंट ९५ अंश, बाहेर ४०. हवा कोअरमधून ४० अंशांनी तापून निघाली तर सेकंदाला १.१ किलो हवा लागते, साधारण १ घनमीटर. कोअरच्या तोंडाशी सेकंदाला १० मीटर वेग धरला की ०.१ चौरस मीटर पुरतं. दर अश्वशक्तीला ३ घनइंच कोअर, हा जुना ठोकताळाही तिथेच, म्हणजे ५ लिटरवर येतो.

रोटॅक्स ९१२ (हलक्या विमानांचं इंजिन) वाल्याच्या रेडिएटरवरून माप घेऊ नका. त्यात फक्त हेड पाण्यावर थंड होतात, सिलिंडर हवेवर.

चढाई_६५:
गुणाकार बरोबर, पण तो १० मीटर वेग आणणार कुठून? ६५ नॉटला चढताना गतिज दाब (समोरून येणाऱ्या हवेच्या वेगाचा दाब) जेमतेम ६१० पास्कल. दाब मोजायच्या यू आकाराच्या पाण्याच्या नळीत बघाल तर ६ सेंमी पाणी! डक्ट, कोअर आणि बाहेरची वाट, सगळं त्यात भागवायचं. ५० मिमीच्या दाट पत्र्यांचा कोअर एवढा दाब एकटाच खाऊ शकतो. १२० नॉटला तोच दाब २१०० च्या घरात जातो, म्हणून क्रूझमध्ये (सरळ, स्थिर उड्डाणात) सगळं छान दिसतं आणि उन्हाळ्यात टेकऑफनंतर काटा लाल पट्ट्यात जातो.

माझं माप: २६ मिमी जाड, ४० बाय ५० सेंमी. हवा फक्त २७ अंशांनी तापेल, म्हणून १.६ किलो लागेल, पण तोंडाशी वेग साडेसात मीटर आणि जाडी निम्मी. लागणारा दाब निम्म्याहून बराच कमी.

पत्रेकाम:
४० बाय ५० चा पत्रा काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) बसवणार कुठे? आणि दीडपट हवा ओढायची म्हणजे क्रूझला दीडपट ओझं. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग लढाऊ विमानाच्या पोटाखालचं ते लांब डक्ट उगाच नव्हतं. मेरेडिथ या ब्रिटिश अभियंत्याने १९३० च्या दशकात दाखवलं की तापलेली हवा मागे नीट सोडली तर रेडिएटरचा अवरोध बराच भरून निघतो.

यू_नळी:
मेरेडिथला १२० नॉटवर आणू नका, तिथे तापलेल्या हवेचा थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) नावापुरताच. मस्टँगकडून घ्यायचं ते दुसरंच: स्कूपचा (हवा घेणाऱ्या तोंडाचा) ओठ पंखाच्या पोटापासून खाली सोडलेला, म्हणजे पृष्ठभागाला चिकटलेली मंद हवा आत शिरत नाही. आणि हवा बाहेर पडायची वाट कमी-जास्त करणारी मागची झडप.

दोघेही डक्टबद्दल घाईत बोलताय. डक्टचं तोंड कोअरच्या एक तृतीयांश ठेवा. ६५ नॉटला १ घनमीटर हवेला ०.०३ चौरस मीटर पुरतं. तिथून भिंती बाजूला ७ अंशांपेक्षा जास्त उघडल्या की हवा भिंत सोडते. मग मधोमध झोत आणि कोपरे मेलेले, कोअरचा निम्मा भाग नुसता वजनाला. लांबी नसेल तर घंटेसारखा आकार द्या, शेवटची फुगवट कोअरच्या अगदी जवळ. कोअरच्या अडथळ्यामुळे हवा तिथे पसरते. तपासायला कोअरच्या मागे चारही कोपऱ्यांत आणि मधोमध तापमापक लावा. जो कोपरा जास्त गरम, तिथून हवा कमी जातेय.

कडांची फट सिलिकॉनने बंद करा. बोटभर फट असली तरी हवा कोअर टाळून तिथूनच पळते.

आणि बाहेरची वाट! तापलेली हवा १३ टक्के फुगते, तरी लोक मागचं भोक पुढच्याएवढंच ठेवतात. रेडिएटरची हवा काउलिंगमध्येच सोडली तर आतला दाब वाढतो आणि मोठा कोअरही हात टेकतो.

गरम_झाकण:
हवेवर एवढं बोललात, पाण्याचं कोण बघणार? ४५ किलोवॅटला ८ अंशांचा फरक ठेवायचा तर पन्नास-पन्नास ग्लायकॉल मिनिटाला ९५ लिटर फिरायला हवं. दोन रेडिएटर समांतर जोडलेत तर ज्याचा पाइप आखूड, तिकडेच पाणी जास्त जातं. पंपाच्या खेचणाऱ्या बाजूचा होज आत स्प्रिंग नसेल तर गरम झाल्यावर चपटा होतो. जमिनीवर कळत नाही, पूर्ण आरपीएमला कळतं.

झाकण आणि टाकी पूर्ण मांडणीत सर्वात वर, विमान नाक वर करून उभं असतानाही. हेडमध्ये हवेचा बुडबुडा अडकला तर तापमापकाचा सेन्सर वाफेत बसतो आणि काटा उलट खाली येतो. ०.९ बारच्या झाकणाने समुद्रसपाटीला उकळबिंदू १०७ वरून १२५ च्या आसपास जातो. मग कूलंट १०५ पर्यंत चालवा: बाहेरच्या हवेशी फरक ५५ चा ६५ होतो, त्याच कोअरमधून १८ टक्के जास्त उष्णता. नवा रेडिएटर घ्यायच्या आधी हे करा.

पत्रेकाम:
+१. शिवाय चढाई कायमची नसते. १० किलो कूलंट आणि ६० किलो अॅल्युमिनियम मिळून अंशाला ९० किलोज्यूलच्या आसपास साठवतात. ५ किलोवॅट कमी पडले तरी २० अंश चढायला ६ मिनिटं लागतील.

चढाई_६५:
पूर्ण वजनात, ४० अंशांच्या दुपारी, टॅक्सी करतानाच १०० वर पोचलेल्या इंजिनाला २० अंश उरतात कुठे? त्यापेक्षा ६५ ऐवजी ८० नॉटने चढा, दाब थेट दीडपट. झेनिथ ७५० सारख्या संथ किट विमानात ते जमत नाही, तिथे पातळ-मोठाच घ्या. आरव्ही या वेगवान किट विमानाच्या वेगाचं असेल तर तुमचा जाड कोअर मान्य, पण मागे झडप आणि पायलटच्या हातात तिची दोरी हवी.

यू_नळी:
झडप ठरवायच्या आधी कोअरच्या पुढे आणि मागे स्थिर दाबाच्या दोन नळ्या घालून चढताना मोजा. ६ सेंमीपैकी कोअरवर ३ सेंमीच पडत असेल, तर तुमचा वाद कोअरशी नाही, डक्टशी आहे.