१ टीबीची हार्डडिस्क ९३१ जीबीच का दाखवते? आणि कार्डात शूटिंग किती बसतं?

स्टुडिओवाला_दहिवडी:
मंडळी, लग्नाच्या ऑर्डरी घेतो. गिऱ्हाइकाला डेटा द्यायला नवी सीलबंद १ टीबीची हार्डडिस्क आणली. लॅपटॉपला लावली तर ९३१ जीबी! नवरदेवाचे मामा शेजारीच बसलेले. म्हणाले, "हजार म्हणून नऊशे एकतीस टेकवले की तुम्हाला!" डिस्क बनावट असेल का?
दुसरं, कॅमेरा १०० एमबीपीएसवर चालवतो. ६४ जीबीच्या कार्डात किती वेळ बसेल? सध्या सगळं अंदाजपंचे चाललंय. ऐन मंगलाष्टकांत कार्ड भरलं तर वाट लागेल.

जुना_हार्डवेअरवाला:
भाऊ, विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे जीबीच्या शेजारी बाइट्सचा लांबलचक आकडा असतो, तो १ लाख कोटीच्या आसपास दिसेल. १ टीबी म्हणजे तेवढंच. कंपनीने काही खाल्लेलं नाही.
गोची भागाकारात आहे. कंपनी १०० कोटी बाइट्सना १ जीबी म्हणते. विंडोज १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ करून १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट्सचा जीबी धरतं. लाख कोटीला त्याने भागा, ९३१ येतात. या मोठ्या मापाला १९९८ पासून 'गिबिबाइट' असं स्वतंत्र नाव आहे, तरी विंडोज त्यालाही जीबीच लिहितं. मला विचाराल तर सगळा घोळ तिथेच आहे. मामांना हीच डिस्क मॅकवर दाखवा, पूर्ण १ टीबी दिसेल. माप वाढेल तशी तफावतही वाढते: केबीला अडीच टक्क्यांच्या आत, जीबीला सातच्या वर, टीबीला जवळजवळ दहा.
फक्त एक, बनावट माल आकडाही खोटा दाखवू शकतो. बिल नसलेल्या दुकानातून घेतली असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू या डिस्क तपासायच्या प्रोग्रामने पूर्ण भरून, परत वाचून तपासा. रात्रभर लावून ठेवा.
आता कार्ड. एमबीपीएसमधला बी हा बिट, जीबीतला बी बाइट. ८ बिटांचा १ बाइट. म्हणजे १०० भागिले ८, सेकंदाला साडेबारा एमबी. ६४ जीबी म्हणजे ६४,००० एमबी, त्याला साडेबाराने भागा: ५,१२० सेकंद, ८५ मिनिटं. आवाज वगैरे धरून ८० समजा आणि मंगलाष्टकांच्या आधी कार्ड बदला. तासाला ४५ जीबी एवढं पाठ करून ठेवलं तरी पुरे.

एडिटर_ताई:
३२ जीबीचं कार्ड वापरत असाल तर ते बहुधा फॅट३२ (फाइली मांडून ठेवायची एक पद्धत) असतं. त्यात एक फाइल ४ गिबिबाइटच्या पुढे जात नाही, तुमच्या सेटिंगला पावणेसहा मिनिटांत तुकडा पडेल. कॅमेरा पुढची फाइल आपोआप सुरू करतो. टाइमलाइनवर ओळीने ठेवा, जोड दिसत नाही.

स्टुडिओवाला_दहिवडी:
प्रॉपर्टीज दाखवली, मामा गार. आता म्हणतात डिस्क नको, ऑनलाइन पाठवा. चार तासांचं फुटेज आहे, नेट ४० एमबीपीएसचं.

जुना_हार्डवेअरवाला:
ते ४० डाउनलोडचे की अपलोडचे, आधी बघा. अपलोडचे धरले तरी सेकंदाला ५ एमबी. फुटेज १८० जीबी. ३६,००० सेकंद, म्हणजे सलग दहा तास, तेही लाइट न जाता. डिस्कच द्या.