प्रति: पलटी नांगराचा पाइप कपलरमध्ये बसत नाही

भाऊ, नांगर पलटवणारा ऑइलचा पाइप ट्रॅक्टरच्या कपलरमध्ये (पाइप जोडायच्या तोंडात) बसत नाही म्हणून हातोडी मारू का म्हणता, नका मारू बाप्पा, मी मारली होती मागच्या उन्हाळ्यात, पाइपाच्या टोकाच्या निपलचं तोंडच चेपलं. नांगर उन्हात पडला होता ना? बंद पाइपातलं ऑइल तापून फुगते अन् निपलमधला वाल्व (झडप) दबतच नाही. पाइपावर ओला बोरा टाका, थंडा होऊ द्या. ट्रॅक्टरकडचं प्रेशर काढाले इंजिन बंद करून हायड्रॉलिकचा (ऑइल सोडाचा) लिवर दोन्हीकडं तीन-चार खेपा हलवा. पुढच्या टायमाले सोडतानाच नांगर जमिनीवर टेकवून हेच करा, मंग पाइप काढा. निपल फडक्यानं पुसाच, काळ्या मातीचा कण ऑइलमंदी गेला की सीलचं काम तमाम. अन् लिकेज बोटानं चाचपू नका, बारीक धार कातडीत घुसते, पुठ्ठा धरून पाहा.