मदत हवी आहे: व्हर्च्युअलबॉक्स गोगलगायीसारखं चालतंय, लवकर सांगा

हॅकर_जामनेर
दोन दिवसांपासून डोकं फिरलंय. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) काली, म्हणजे हॅकिंग शिकायचं लिनक्स, लॉगिनपर्यंत यायलाच अकरा मिनिटं घेतं. माउस हलवला की बाण तीन सेकंदांनी हलतो. व्हिडिओवाल्या भाऊचं तर लगेच चालू होतं. बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे, ते परत विचारू नका. मागच्या आठवड्यापर्यंत नीट होतं. सगळं करून पाहिलं. रविवारच्या आत पाहिजे.

भुसावळ_यार्ड
"सगळं" म्हणजे काय काय? विंडोज कोणती, रॅम किती, त्यातली कालीला किती दिलीस, आणि मागच्या आठवड्यात नवीन काय टाकलंस?

तापीकाठ
आरे भो, पह्यले विंडोज कोनती शे ते ते सांग!

धुळेकर_८६
तापतोय तो. मे महिना आहे, आपल्याकडे पारा ४४ च्या खाली येत नाही. प्रोसेसर तापला की आपोआप वेग कमी करतो. पंख्यातली धूळ काढ, पेस्ट बदल. माझ्याकडे उन्हाळ्यात याच तक्रारीची रांग लागते.

हॅकर_जामनेर
@धुळेकर_८६ दादा, रात्री दोन वाजता कूलरसमोर बसूनही तेच. विंडोज ११ होम. रॅम ८ जीबी, कालीला ६ दिली, चारही कोर दिले, म्हटलं जास्त दिलं तर जास्त पळेल. नवीन काहीच नाही. फक्त डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवायचं साधन) टाकलं, त्याने डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) मागितलं, तेही टाकलं.

भुसावळ_यार्ड
"फक्त" म्हणे! व्हीएम, म्हणजे तो आतला कॉम्प्युटर, चालू असताना तिच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत उजवीकडे बघ. हिरवं कासव दिसतंय का?

हॅकर_जामनेर
हो!! दिसतंय. मला वाटलं डिझाइन आहे.

भुसावळ_यार्ड
ते कासव म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सची कबुली आहे. डब्ल्यूएसएल २ च्या मागे मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही हा हायपरव्हायझर, म्हणजे व्हीएम चालवणारा थर असतो. तो चालू झाला की प्रोसेसरची व्हीटी-एक्स ही व्हर्च्युअलायझेशनची सोय तो स्वतःकडे घेतो, आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या हातून पाणी प्यावं लागतं. बायॉसमध्ये चालू असून उपयोग नाही, किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे. विंडोज ११ चं मेमरी इंटिग्रिटी (सुरक्षेची सोय) चालू असलं तरी हेच होतं. मोबाइलवर आहे, कीबोर्ड मराठीच आहे, म्हणून कमांड उच्चाराप्रमाणे देतो. अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघड आणि लिही: बीसीडीएडिट, स्लॅश सेट, हायपरव्हायझरलाँचटाइप ऑफ. मग पूर्ण रीस्टार्ट. पुन्हा पहिल्यासारखं करायचं तर ऑफच्या जागी ऑटो. ऑफ असेपर्यंत डॉकर चालणार नाही, मग रडत येऊ नको. आणि कालीला ३ जीबी, २ कोर बास. ८ मधले ६ काढून घेतल्यावर विंडोजने काय हवा खायची?

रूटकाका
मलमपट्टी आहे ही सगळी. रोग विंडोज आहे. शेजारी लिनक्स टाक, सिक्युअर बूट (सही असलेली सिस्टिमच चालू होऊ देणारी सोय) बंद कर, व्हीएमसाठी लिनक्सचं केव्हीएम वापर. केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे.

लेखणी
धाग्याशी संबंध नाही, पण लिनक्सचे जाणकार दिसले म्हणून विचारते. उबंटूत जोडाक्षरं तुटतात, ऱ्या तर येतच नाही. काय करू?

धुळेकर_८६
@लेखणी आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची साधनं टाका, त्यात मराठीचा इनस्क्रिप्ट आहे. आणि @रूटकाका, लहान पोराला बूट लोडरशी खेळायला सांगू नका. त्यापेक्षा जुना डेस्कटॉप घ्यावा आणि त्यावर प्रॉक्समॉक्स (फक्त व्हीएम चालवायची सिस्टिम) टाकावं. माझ्या दुकानामागे एक चालूच आहे.

रूटकाका
पंख्याची धूळ काढायला सांगणाऱ्याने शिकवू नये.

सातपुडा_सेक
तुमचं चालू द्या. पोरा, रविवारी नेमकं काय करायचंय? कोणाचं वायफाय वगैरे? आयटी कायद्याचं कलम ६६ बघून ठेव, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हॅकर_जामनेर
नाही हो, मी कोणाचं काही फोडत नाही. रविवारी मित्राला मेटास्प्लॉइटेबल, म्हणजे सरावासाठीची दुसरी व्हीएम, दाखवायचंय. कालीतून त्याच्यावर हल्ला करायचा, बस. दोन्ही व्हीएम ब्रिज्ड ठेवल्यात, म्हणजे आमच्या दुकानाच्या वायफायवर दोघींना आयपी मिळतो.

सातपुडा_सेक
दुकानाच्या वायफायवर?? मेटास्प्लॉइटेबल २ मुद्दाम भोकं पाडलेली मशीन आहे. तिच्यातली व्हीएसएफटीपीडी (फाइल देवाणघेवाणीचा सर्व्हर) २.३.४ ही तीच प्रत, जिच्यात २०११ साली कोणीतरी चोरदार घुसवलं होतं. युजरनेममध्ये कोलन आणि बंद कंस, म्हणजे हसरा चेहरा टाइप केला की ६२०० पोर्टवर थेट रूट शेल, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा. ब्रिज्डवर ती दुकानातल्या प्रत्येक फोनला दिसते. आत्ताच्या आत्ता दोन्ही व्हीएम होस्ट-ओन्लीवर टाक, म्हणजे लॅपटॉपबाहेर दिसणार नाहीत.

तापीकाठ
म्हणजे घरात ज्याच्यावर हात साफ करायचा तो चोर रस्त्यावर बांधून ठेवलाय भो याने 😂

हॅकर_जामनेर
अर्जंट अर्जंट. रूटकाकांनी सांगितलं म्हणून सिक्युअर बूट बंद केलं. आता निळा पडदा आलाय, ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की मागतोय. मी बिटलॉकर कधी लावलंच नव्हतं. लॅपटॉप पप्पांचा आहे, दुकानाची टॅली त्यात आहे. पप्पा सहाला येतात.

भुसावळ_यार्ड
पप्पांचा लॅपटॉप हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं? घाबरू नको आणि काही फॉरमॅट करू नको. ११ वर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कचं कुलूप, आपोआप लागतं आणि त्याची रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. कोणत्या मेलने सेटअप केलाय?

हॅकर_जामनेर
घेतला तेव्हा लॅपटॉपच्या दुकानातल्या पोरानेच करून दिला. त्याच्याच मेलने बहुतेक. तो आता तिथे नाही.

धुळेकर_८६
हे असले धंदे. आपल्या मेलने गिऱ्हाइकाची मशीन चालू करून देतात. गिऱ्हाइकाला समोर बसवून त्याचंच खातं उघडावं, पाच मिनिटं जातात फक्त.

सातपुडा_सेक
की नसली तरी वाट आहे. टीपीएम चिपने सिक्युअर बूटची जुनी स्थिती लक्षात ठेवलीय, ती बदललेली दिसली म्हणून कुलूप उघडत नाही. बायॉसमध्ये जा, सिक्युअर बूट पुन्हा चालू कर, दुसरं काही बदललं असशील तर तेही होतं तसं कर, सेव्ह कर. बहुतेक वेळा सरळ उघडतं. आणि रूटकाका, उबंटूच्या बूट लोडरवर मायक्रोसॉफ्टची सही असते, सिक्युअर बूट बंद करायची गरजच नव्हती.

रूटकाका
मी बॅकअप घे म्हणणारच होतो.

तापीकाठ
कवय? पुढच्या श्रावणात?

हॅकर_जामनेर
उघडलं!!! जीव भांड्यात पडला. टॅली आहे. आता बीसीडीएडिट करू का?

भुसावळ_यार्ड
थांब. आधी की काढ: मॅनेज-बीडीई, डॅश प्रोटेक्टर्स, डॅश गेट, सी कोलन. ४८ आकडे वहीत लिही आणि टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घे. मग बाकीचं.

सातपुडा_सेक
हायपरव्हायझर कायमचा ऑफ करायला माझा विरोध आहे. मेमरी इंटिग्रिटी त्याच्याच जिवावर चालते आणि या मशीनवर दुकानाचा हिशोब आहे. बूटची दुसरी एंट्री कर, ऑफ फक्त तिच्यात. रोज पहिली, प्रयोगाला दुसरी.

भुसावळ_यार्ड
हे मान्य, मी घाईत सांगितलं होतं.

लेखणी
माझी जोडाक्षरं झाली, धन्यवाद. ऱ्या पण येतंय.

धुळेकर_८६
ताई, धुळ्याला आलात तर भरीत खाऊन जा.

तापीकाठ
भरीत खायचं तर बामणोदच्या वांग्यांचं. धुळ्याचं काय घेऊन बसलात.

हॅकर_जामनेर
दुसऱ्या एंट्रीतून चालू केलं. कासव गेलं, निळा व्ही आला. काली पन्नास सेकंदांत उघडलं. दोन्ही व्हीएम होस्ट-ओन्लीवर, १९२.१६८.५६ चे आयपी मिळाले. हसऱ्या चेहऱ्याने रूट शेलपण मिळालं, अंगावर काटा आला. कीचे आकडे कागदावर लिहून दुकानातल्या कॅलेंडरमागे चिकटवलेत.

सातपुडा_सेक
कॅलेंडरमागे नको रे. तिथे सगळं गाव तिथी बघायला येतं. घरी कपाटात ठेव.