मायक्रोमीटरवर ३.४८ वाचू की ३.९८?

मंडळी, मदत हवी आहे. बाइकच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर कमीत कमी जाडी ३.५ मिमी अशी कोरलेली आहे. व्हर्नियर (जबड्यांत धरून मोजायची सरकपट्टी) ४ च्या वर दाखवत होता, पण त्याचे जबडे कडेच्या न झिजलेल्या कंगोऱ्यावरच टेकत होते. म्हणून मामाकडून ०-२५ मिमीचा मायक्रोमीटर (स्क्रू फिरवून बारीक जाडी मोजायचं साधन) आणला (देताना दहा सूचना!). रॅचेट (टोकाची दाब मर्यादित ठेवणारी मूठ) टकटक वाजेपर्यंत फिरवला. स्लीव्हवर (स्थिर नळीवर) ३ ची रेघ स्वच्छ दिसते, अर्ध्या मिमीची रेघ केसभर डोकावतेय आणि थिंबलवर (फिरत्या नळीवर) ४८, म्हणजे ०.४८. मग अर्धा न धरता हे ३.४८ की धरून ३.९८? पहिलं असेल तर डिस्क बादच. शिवाय पूर्ण मिटल्यावर शून्याऐवजी २ दिसतं, म्हणजे ०.०२ वजा करायचे ना? आणि डिस्क फिरवून किती ठिकाणी मोजता तुम्ही?