जीप हरिकेन इंजिन: तेलाची नळी ब्लॉकपाशी तुटली, डिपस्टिकची पट्टी चेंबरमध्ये पडली

कातळवाट

वडिलांची जीप आहे. महिंद्रा सीजे-३बी, पासिंग १९७४चं, इंजिन मूळचं पेट्रोल हरिकेन, २१९९ सीसी. आमच्या चिपळूणकडच्या जुन्या जीपा बहुतेक सगळ्या डिझेलवर गेल्या, बाबांनी ही बदलू दिली नाही. ते गेल्यापासून चार वर्षं मीच चालवते. आंब्याच्या दिवसांत बागेतून पेट्या डांबरी रस्त्यापर्यंत आणायला तिच्याशिवाय दुसरं काही चालत नाही.

हे इंजिन ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. याला डिपस्टिकची वेगळी नळी नसते. तेल ओतायची जाड नळी ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यात, ठोकून बसवलेली असते, तिच्या तोंडावर टोपी आणि टोपीच्या पोटाला लांब पट्टी. तीच डिपस्टिक.

रविवारी तेल बघायला टोपी फिरवली तर टोपीसकट नळीच हातात आली. ब्लॉकच्या अगदी सपाटीला तुटली आहे, बाहेर धरायलाही काही उरलं नाही. पट्टी टोपीपासून सुटून आत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बुडाशी तेल साठतं त्या पत्र्याच्या भांड्यात, गेली. नळीचा तुटलेला काठ पाहिला तर अर्धा भाग चकचकीत, ताजा. उरलेला अर्धा काळा, तेल आणि मातीने माखलेला. म्हणजे तडा जुनाच होता, माझ्या लक्षात आला नाही. याच नळीला कुणीतरी पूर्वी पट्टा आवळून हॉर्न टांगलेला होता. मी तो तसाच राहू दिला, याचं फार वाईट वाटतंय.

गाडी चालू केलेली नाही. इथला गॅरेजवाला म्हणतो, मळून लावायचं इपॉक्सी भरून नळी परत उभी करू आणि पट्टी राहू दे तळाशी, काही होत नाही. मला ते पटत नाही. आतला तुकडा कसा काढू? पट्टी चुंबकाने निघेल का? आणि नवी नळी बसवल्यावर पट्टीवरच्या खुणा बरोबर आहेत हे कशावरून समजायचं?

नानापेठ_जुना

ताई, गाडी चालू केली नाहीत हे फार बरं झालं. पट्टी तळाशी आडवी पडली असेल तर वाचली, पण उभी टेकून राहिली असेल तर पहिल्याच फेऱ्याला क्रँक, म्हणजे आत फिरणारा मुख्य दांडा, तिला धरेल.

चुंबकाच्या नादी लागू नका. चेंबर पत्र्याचा आहे, दोरीला बांधलेलं चुंबक पट्टी सोडून चेंबरच्या भिंतीलाच चिकटत राहतं. मी एकदा अख्खी दुपार घालवली होती. चेंबर उतरवा.

नळी नवी मिळते. पुण्यात नाना पेठेत जीपच्या सामानाची दुकानं पालथी घाला, मुंबईला कुणी जात असेल तर कुर्ल्याला विचारा. तुटलेला तुकडा बरोबर न्याच. दुकानदार 'जीपची नळी' म्हणून हरिकेनच्या आधीच्या जुन्या एल-हेड इंजिनाची पुढे करेल, शेजारी ठेवून लांबी आणि व्यास जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.

उद्यमनगर_लेथ

मी कोल्हापूरला उद्यमनगरात टर्नर आहे, एकतीस वर्षं लेथवर. या इंजिनाच्या नळ्या चार-पाच तरी केल्या असतील. सविस्तर लिहितो, कारण इपॉक्सीचं ऐकून राहवलं नाही.

ताई, ही नळी नुसती तेल ओतायची नाही. इंजिनाचा श्वास तिच्यातून चालतो. एअर क्लीनरमधून एक रबरी होज या नळीला येतो, गाळलेली हवा इथून चेंबरमध्ये जाते आणि दुसऱ्या बाजूने व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांच्या) ओढीने बाहेर खेचली जाते. म्हणजे इंजिन चालू असताना नळीला सतत ओढ असते. तडा गेला की ती हवा एअर क्लीनर सोडून तड्यातून येते. तुमच्याकडे तांबडी माती. ती थेट तेलात, तिथून बेअरिंगला. म्हणून टोपीखालचं पॅकिंगसुद्धा फाटकं चालत नाही. इपॉक्सी तेलाच्या उष्णतेत आणि इंजिनाच्या थरथरीत सुटतं, आणि त्याचेच खडे आत पडतात.

आता तुकडा. आधी तेल काढा, बॅटरीची वायर सोडा, चेंबर उतरवा. चेंबर खाली असताना काम केलं तर कीस आणि तुकडे जमिनीवर पडतात, इंजिनात राहत नाहीत. क्रँकवर स्वच्छ फडकं पसरा आणि त्याला दोरी बांधून दोरीचं टोक बाहेर ठेवा, म्हणजे विसरणार नाही. मग हेक्सा ब्लेडचा तुकडा हातात धरून नळीच्या आतून उभी चीर पाडा, समोरासमोर दोन. पूर्ण आरपार जायचं नाही, कागदाएवढी जाडी राहू द्या. ब्लॉकच्या भोकाला ओरखडा उमटला तर तिथून तेल पाझरणार. मग बारीक छन्नीने चिरेपाशी काठ आत वळवा. एका बाजूची पकड सुटली की बाकीचं पक्कडीने निघतं. वेल्डिंग करून ओढून काढणारेही आहेत. चेंबरमधल्या वाफा आणि पेट्रोलची लाइन शेजारी असताना मी ते कुणाला सांगणार नाही.

नळीचं वरचं तोंड आणि होजची निपल शाबूत असेल तर अख्खी नवी घेण्याची गरज नाही. खालचा भाग सीमलेस पाइपातून वळून घ्या, वरच्या तुकड्यात एक इंच तरी शिरेल असा, आणि पितळेचा टाका मारा. ब्लॉकचं भोक तीन ठिकाणी मोजा, नळी त्याहून दीड ते दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड ठेवा. जास्त नको, पातळ नळी चेपते. काही जण रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात. या व्यासाला त्याने जेमतेम अर्धा थाऊ फरक पडतो, त्यावर विसंबू नका.

खालचं टोक तिरकं कापलेलं असतं. तो तिरका काप क्रँकच्या विरुद्ध बाजूला आला पाहिजे, नाहीतर क्रँकने उडवलेलं तेल नळीत चढतं. ठोकायच्या आधी बाहेर खडूने खूण करा. हातोडा थेट नळीवर नाही, मध्ये कठीण लाकडाचा ठोकळा.

खुणांचं शेवटी लिहितो, कारण माझ्या मते तेच मुख्य आहे. नळी जुनीपेक्षा पाच मिलिमीटर वर राहिली तर टोपी वर, पट्टी वर, आणि तेल पुरेसं असूनही पट्टी कमी दाखवणार. तुम्ही ओतत राहणार. जुन्या खुणेवर विश्वास ठेवू नका, लिटरने मोजून नवी खूण करा. या इंजिनात फिल्टरसकट सुमारे ४.७ लिटर तेल बसतं, फिल्टर न बदलता ३.८. नवा फिल्टर लावा, ३.७५ लिटर ओता, मिनिटभर चालू करून बंद करा म्हणजे फिल्टर भरेल. दहा मिनिटं थांबा, पट्टी बघा: ही खालची खूण. आणखी ०.९५ लिटर घाला, पुन्हा तसंच करा: ही वरची. गाडी मात्र पूर्ण समतल हवी.

डोंगरगाडी

एवढं कशाला? डिझेल जीपची पट्टी आणून कापून टोपीला जोडा. आणि तेल थोडं जास्त राहिलं तर चांगलंच की, कमी असण्यापेक्षा बरं.

उद्यमनगर_लेथ

नाही भाऊ, तसं नसतं. तेल जास्त झालं की क्रँक त्यात बुडून घुसळतो, तेलाचा फेस होतो. फेसात हवा असते, आणि बेअरिंगला तेलाऐवजी हवा मिळाली की तेलाचा दाब घसरतो. शिवाय या इंजिनाचं मागचं सील आधीच नाजूक, जादा तेल तिथूनच क्लचकडे जातं. पट्टी कुठल्याही गाडीची घ्या, हरकत नाही. पण खूण मोजूनच करा, आणि ती क्रँकला लागत नाही हे चेंबर खाली असतानाच हाताने इंजिन फिरवून बघा.

कातळवाट

काम झालं. तीन आठवडे लागले. नंतर कुणाला लागेल म्हणून लिहिते.

चेंबर उतरवला. पट्टी तळाशी आडवीच होती, थोडी वाकलेली. पण टोपीला पट्टी जोडणारं पितळी रिव्हेट दिसेना. पितळेला चुंबक लागत नाही, म्हणजे चुंबकावर भागवलं असतं तर पट्टी मिळाली म्हणून मी शोधणं तिथेच थांबवलं असतं. तासभर शोधल्यावर ते तेल ओढणाऱ्या फ्लोटच्या जाळीत अडकलेलं सापडलं. हे फ्लोट तेलावर तरंगतं आणि तळाचा गाळ सोडून वरचं तेल घेतं, हे मला ते हातात घेईपर्यंत माहीत नव्हतं. आणि गाळ होताच. चेंबरच्या कोपऱ्यात बोटभर, काळपट लाल. चिमटीत घेऊन चोळला तर कचकच लागली. उद्यमनगरच्या दादांनी मातीचं लिहिलं ते तिथे कळलं.

आतल्या तुकड्याला दोन संध्याकाळी गेल्या. चीर पाडताना ब्लेड हातात धरायला कापड गुंडाळलं, तरी बोटं सोलली. एक चीर पुरली, दुसरी अर्धवट असतानाच काठ आत वळला. भोकाला ओरखडा नाही.

नळी इथेच खेर्डीच्या एमआयडीसीत एका लेथवर वळून घेतली. भोकाचं माप घ्यायला तिथले काका स्वतः घरी आले, टेलिस्कोपिक गेज घेऊन. बाबांची जीप त्यांनी लांबूनच ओळखली. ठोकायला बाभळीचा ठोकळा घेतला, तिरका काप बाहेरच्या बाजूला. नळी अर्धी गेल्यावर एका बाजूला कलली तेव्हा घाबरले होते. ठोकळा सरकवून कललेल्या बाजूच्या समोरून हलके घाव घातले तेव्हा सरळ झाली.

माझी एक चूक झाली. जुनी नळी ब्लॉकच्या वर किती उंच होती, हे तुकडा काढायच्या आधी मोजायला हवं होतं. ते राहिलं. म्हणून लिटरने मोजण्यावाचून मार्गच नव्हता. खळ्यात गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी लावून चारी चाकं समतल केली, दोन चाकांखाली फळ्या द्याव्या लागल्या. दादांनी सांगितल्याप्रमाणे ३.७५ आणि मग ०.९५. वरची नवी खूण जुनीच्या खाली आली, ९ मिलिमीटर. जुन्या खुणेपर्यंत भरलं असतं तर माझ्या हिशेबाने जवळजवळ अर्धा लिटर जादा गेलं असतं. दोन्ही खुणा कानशीने कोरल्या आणि जुन्या खुणा घासून टाकल्या, म्हणजे दुसऱ्या कुणाचा घोळ होणार नाही.

टोपीला नवं पॅकिंग, होज नवा, दोन्ही टोकांना क्लिप. हॉर्न आता बॉडीला, इंजिनाला त्याचा भार नाही. पट्टी टोपीला लोखंडी रिव्हेटने जोडली आणि मागून टाका दिला.

काल वीस किलोमीटर फिरवून आणली. नळीच्या बुडाशी कोरडं आहे. तेलाचा दाब पूर्वीसारखाच. ५०० किलोमीटरवर हे तेल काढून टाकणार आहे, कारण आत पॅसेजमध्ये ती माती अजून असेलच. दादा, तेव्हा चेंबर पुन्हा उतरवून बघू, की नुसतं तेल आणि फिल्टर पुरे?

उद्यमनगर_लेथ

नुसतं तेल-फिल्टर. पण जुना फिल्टर कापून आतला कागद उन्हात पसरून बघा. लाल दिसला तर आणखी ५००वर परत बदला. धातूची चकाकी दिसली तर मला लगेच कळवा.