अनुभव धागा: शहर चालवायला शिकताना (फेलोशिप, इंटर्नशिप)

सायली_म: भाची एमपीएसाठी (लोकप्रशासनाची मास्टर्स) अमेरिकेत निघालीय. म्हणते, "मावशी, मला सिटी मॅनेजर व्हायचंय." आपल्याकडे आयुक्त सरकार पाठवतं, तिकडे बऱ्याच शहरांत निवडून आलेले नगरसेवकच व्यवस्थापक नेमतात, नको झाला की काढतात. त्यासाठी विद्यापीठं फेलोशिप देतात म्हणे. कुणी केलीय? गोड-कडू सगळं लिहा.

मक्याचं_शेत: मी केली. कॅन्सस विद्यापीठ, लॉरेन्स. पहिलं वर्ष वर्गात, दुसरं एका शहराच्या कचेरीत, पगारी. वाटलं होतं, धोरणं लिहायला लावतील. पहिलं काम काय, तर बर्फ पडल्यावर कुठल्या रस्त्यावर आधी मीठ टाकायचं याचा तक्ता. ज्यांची गल्ली शेवटी, त्यांचे फोनही मीच घ्यायचे! नगरसभेची बैठक रात्री अकरापर्यंत. एक आजी शेजाऱ्याच्या कोंबड्यांवर तावातावाने बोलल्या, आणि आमच्या व्यवस्थापकबाई शब्दन् शब्द टिपून घेत होत्या.

निवडणुकीत रूममेटने अंगणात उमेदवाराची पाटी लावली. बाईंनी मला हळूच बाजूला घेतलं. या व्यवसायाची आचारसंहिता 1924 पासूनची. राजकारणापासून लांब राहायचं, शिकाऊ असलात तरी. पाटी तिची, पण घर दोघींचं ना. शेवटी तिने ती आपल्या खोलीत टांगली. अजून टोमणे मारते.

व्हिसाग्रस्त: कडू माझ्याकडून. फेलोशिपमध्ये फीचं भागतं, प्रश्न पुढे येतो. माझं शहर लहान, एच-1बीचे (नोकरीच्या व्हिसाचे) कागद त्यांनी जन्मात केले नव्हते. माणसं लाघवी, काम आवडीचं, नोकरी नाही. भाचीला मुलाखतीतच विचारायला सांगा.

जुना_हिशेबनीस: मी कॅन्सस सिटीत होतो (हे मिसूरीत, गोंधळू नका). तिथल्या फेलोशिपला शहराचे जुने व्यवस्थापक कुकिंगहॅम यांचं नाव आहे. शहराने व्यवस्थापक पद्धत 1920च्या दशकातच घेतली, पण खुर्चीत बसला मॅकेलरॉय, पेंडरगास्ट नावाच्या राजकीय दादाचा माणूस. तूट झाकणाऱ्या आपल्या हिशेबाला तो 'गावाकडची वही' म्हणायचा. 1939 मध्ये दादा करचुकवेगिरीत आत गेला, 1940 मध्ये कुकिंगहॅम आले, 1959 पर्यंत राहिले. हे ऐकल्यापासून अंदाजपत्रकातली प्रत्येक बेरीज मी दोनदा करतो. बायको म्हणते, किराण्याचीसुद्धा.

वॉर्ड_नंबर_नऊ: अमेरिका नाही, पण लिहितो. सिव्हिलची पदवी झाल्यावर 'ट्यूलिप'मधून एका मनपात होतो. 2020 ची केंद्राची इंटर्नशिप योजना, निकालानंतर 18 महिन्यांच्या आत अर्ज करायचा. मालमत्ता कराच्या याद्या जुळवल्या. एकाच घराच्या तीन नोंदी: आजोबांची, बिल्डरची, भाडेकरूची. खरं शिकवलं एलएसजीडी (स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कारभाराचा डिप्लोमा) केलेल्या हेडक्लार्क काकांनी: टिपणी कशी लिहायची, आणि कुठली फाईल कुणाच्या टेबलावर झोपते.

सायली_म: व्हिसाग्रस्त, तुमचं घरी वाचून दाखवलं. गुरुवारी तिची मुलाखत आहे, विचारते म्हणाली. आणि मक्याचं_शेत, बर्फाचे बूट इथूनच घ्यायचे का तिकडे?